शेपटाजवळचा नंबर

जेट विमानांच्या मॉडेलांवरच्या या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा फोटो जरा नीट पाहा. बहात्तरपट लहान केलेलं किरण विमान एका छोट्या पाटावर उभं आहे. शेपटाच्या अलीकडे त्याचा नंबर आहे आणि त्यातला शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा किंचित खाली घसरलाय. पुस्तक छपाईला जाण्याआधी ज्यांनी ज्यांनी हा फोटो पाहिला, त्यांनी लेखकाला ती चूक दाखवून दिली. एकाने तर संगणकावर आकडा सरळ करून देण्याची तयारीही दाखवली. लेखकाने ऐकलं नाही. त्यांच्या या हट्टाला माझी फूस आहे, हे आधीच कबूल करतो.

मी वायुदलात एअरफ्रेम फिटर होतो. इंजिन आणि वायरिंग सोडलं की विमानाचं जे उरतं ते आमच्याकडे: पत्रा, पंख, चाकं, ब्रेक, हायड्रॉलिकच्या नळ्या. निफाड तालुक्यातला एक मुलगा तांबरमच्या मेकॅनिकल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला, तेव्हा त्याला तमिळचा एक शब्द येत नव्हता आणि मेसमधल्या सांबाराला तो बरेच दिवस आमटीच म्हणत होता. पुढे बऱ्याच ठिकाणी बदल्या झाल्या, आणि निवृत्तीनंतर पुन्हा इथेच, सेलैयूरला घर घेतलं. गावाकडची मंडळी अजून विचारतात, नाशिकची हवा सोडून त्या घामात काय ठेवलंय? उत्तर देणं अवघड जातं. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून विमान जातं आणि मान वर न करता कळतं की कोणतं गेलं. पिलॅटसचा पंखा घुमतो, किरणचं जेट कानात शिट्टी घालतं. ही सवय सुटत नाही, म्हणून राहिलो.

तांबरमचं वैशिष्ट्य चेन्नईतल्या पुष्कळांनाही ठाऊक नसतं. इथली फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल ही 1948 साली अंबाल्याला सुरू झाली आणि 1954 पासून तांबरमला आहे. वैमानिकांना विमान शिकवणारे जे गुरुजी असतात, ते इथे तयार होतात. त्यामुळे इथल्या आकाशात लढाऊ विमानांचा थाट रोज दिसत नाही. दिसतात ती शिकवणीची विमानं, पुन्हा पुन्हा तोच फेरा घालणारी, उतरता उतरता परत उठणारी. किरणमध्ये शिष्य आणि गुरू मागेपुढे बसत नाहीत, शेजारी शेजारी बसतात. गुरूचा हात शिष्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत राहतो. विमानाचं बसकं, रुंद तोंड यामुळेच तसं आहे.

लेखक माझ्याकडे प्रथम आले ते याच तोंडाच्या मागे लागून. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका संगणक कंपनीत ते नोकरी करतात. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की सेलैयूरला एक मराठी काका आहेत, त्यांनी किरणवर काम केलंय. चहा यायच्या आत त्यांनी विचारलं, "काका, चाक आत जातं त्या खोबणीचा आतला रंग कोणता हो?"

त्या खोबणीत मी किती वेळा डोकं घातलं असेल त्याची गणती नाही. गळती शोधली, नळ्या बदलल्या, ग्रीस पुसलं. पण रंग? मला सांगता येईना. हात रोज आत जात होता, डोळे मात्र फक्त गळती बघत होते. तीन दिवस जुन्या सहकाऱ्यांना फोन करून मग उत्तर दिलं. त्या तीन दिवसांत मॉडेल करण्याच्या या छंदाबद्दलचं माझं मत बदललं. तोवर मी त्याला मोठ्यांचा पोरखेळ समजत होतो.

खरं तर आपल्याला हा खेळ नवा नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करणारं प्रत्येक पोर मॉडेलच करत असतं. गोणपाटाचा डोंगर, अळीवाची हिरवळ, आणि सिंहासनावर महाराज, जे महादरवाज्यातून वाकूनही आत शिरू शकणार नाहीत इतके मोठे. आमच्या किल्ल्यावरचा वाघ तोफेएवढा होता आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. किल्ल्यात भक्ती असते, मापाची फिकीर नसते. विमानाच्या मॉडेलमध्ये पहिली फिकीर मापाची. एकदा एकास बहात्तर म्हटलं की खुर्ची, चाक, शिडी, शेजारी उभा केलेला माणूस, सगळं त्याच हिशेबात यायला हवं.

हा बहात्तरचा आकडा फूट-इंचांतून आला. सहा फुटांचे इंच बहात्तर, म्हणून सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो. इंग्लंडमध्ये फ्रॉग कंपनीने 1936 साली पेंग्विन नावाने प्लास्टिकची विमानं विकायला काढली ती याच मापाची. 1942 मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांना पाच लाख लाकडी विमानं करून द्यायला सांगितलं, तीही याच मापाची. सैनिकाला आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे झटकन ओळखता यावं, यासाठी ती मॉडेलं होती. म्हणजे मॉडेल हातात घेऊन विमान बघायला शिकणं हे काम एकदा लढाईच्या गरजेचं होतं. एअरफिक्सचं स्पिटफायर 1953 साली आलं आणि मग हे प्रकरण पोरांच्या खाऊच्या पैशात बसू लागलं.

पुस्तकातलं तिसरं प्रकरण मापावर आहे आणि ते माझं आवडतं आहे. तिथला हिशेब मी घरी फूटपट्टी घेऊन पुन्हा करून पाहिला. मॉडेलवर पत्र्यांचे सांधे दाखवायला खाचा कोरलेल्या असतात. खाच पाव मिलिमीटर रुंद धरली तर खऱ्या विमानावर ती अठरा मिलिमीटरची फट होते, अंगठा जाईल एवढी. माझ्या काळात अशी फट सोडणाऱ्या फिटरला दुसऱ्या दिवशी कामावर यावं लागलं नसतं! तरी बहुतेक लोक त्या खाचांत काळा रंग भरून त्या आणखी उठावदार करतात, कारण फोटोत छान दिसतं. रंगाचंही तेच. मॉडेलवर थर एक दशांश मिलिमीटरचा बसला तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा लेप झाला. सहा मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं या मापात केसाएवढं उरतं. मग ते दाखवायचं का? लेखक म्हणतात, अजिबात नको. मी म्हणतो, एखाद्या ठिकाणी, जिथे हात फिरून फिरून रंग उडालाय तिथे, दिसू द्यावं. हा वाद आमच्यात मिटलेला नाही आणि पुस्तकात त्यांनी स्वतःचंच म्हणणं छापलंय.

कामाच्या पायऱ्या लेखकाने इतक्या सावकाश सांगितल्यात की मी त्यांत भर घालत नाही. एकच सांगतो: डिंकाला डिंक समजू नका. या प्लास्टिकचा सिमेंट चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मुरतात. आमच्या भाषेत ते वेल्डिंगच. म्हणून सांधा आधी कोरडा जुळवून पाहायचा, मग सिमेंट, मग लांबी, मग ओला पॉलिशपेपर. काचेला मात्र झटपट चिकटणारा ग्लू लावू नये, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते. मी लावला होता. माझ्या पहिल्या मिगचा वैमानिक आजतागायत धुक्यात बसलेला आहे.

इथल्या हवेबद्दल मात्र चार शब्द जास्त लिहायला हवेत, कारण परदेशी पुस्तकांत ती नसते. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईला ईशान्य मोसमी पाऊस असतो. त्या दिवसांत लॅकर फवारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि चकचकीत काळा रंग राख फासल्यासारखा दिसतो. उपाय एकच, वाट बघणं. मे महिन्यात अग्निनक्षत्रम चालू असताना उलटा प्रकार: एअरब्रशच्या तोंडातून निघालेला थेंब प्लास्टिकवर पोचायच्या आत वाळतो आणि रंगाऐवजी रवा बसतो. अशा वेळी पहाटे पाचला उठून रंग मारायचा. बायकोला वाटतं, म्हातारा योगासनांना उठला. तयार मॉडेल बंद गाडीच्या काचेखाली ठेवायचं नाही, हेही इथे शिकावं लागतं. पंख केळीच्या पानासारखे लवतात. हत्यारांसाठी परदेशी दुकानांच्या मागे लागायची गरज नाही. सावकारपेठेत सोनारांच्या बारीक कानशी मिळतात, रिची स्ट्रीटला भिंगाचे दिवे, आणि नाकात वजन भरायला गळाचं शिसं कोणत्याही कोळीवाड्याजवळ. वजन विसरलं तर तीन चाकांवरचं जेट शेपटीवर बसतं, मांजरासारखं.

मॉडेल हे विमानाची नक्कल, असं आपण गृहीत धरतो. कारखान्यात क्रम उलटा असतो. डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, आणि प्रांटल म्हणजे हवा पंखावरून कशी वाहते हे जगाला शिकवणारा माणूस. तिथे हवेच्या बोगद्यात आधी मॉडेल टांगतात, त्यावर वारा सोडतात, आणि विमान नंतर जन्माला येतं. पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान कारखान्यात घाटग्यांनी एचटी-2 हे शिकवणीचं विमान केलं. ते 1951 साली उडालं. त्यांच्याच नेतृत्वाखाली किरणचा आराखडा झाला आणि 4 सप्टेंबर 1964 रोजी सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा हवेत नेलं. त्याच कारखान्यात जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांचं मारुत हे लढाऊ विमान तयार होत होतं. धातूचं विमान उडण्याआधी, 1959 मध्ये, त्याचं पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर केलं आणि डकोटाच्या मागे बांधून वर नेऊन सोडलं. एकास एक मापाचं मॉडेल, आत माणूस बसवून! मारुत स्वतः जून 1961 मध्ये उडालं. तेव्हा पाटावर लाकूड तासत बसलेल्या माणसाला कोणी हसलं, तर त्याने बंगळुरूकडे बोट दाखवावं.

माझं लहानपण मात्र मिगच्या आवाजात गेलं. ओझरला 1964 साली कारखाना निघाला तो मिग-21 साठी. त्याचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला, अशी वाटणी होती. आमच्या द्राक्षांच्या बागेवरून चाचणीची विमानं जात, आणि आजी त्यांना ओझरची पाखरं म्हणायची. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तेव्हा टीव्हीपुढे आमच्या घरात कोणी फारसं बोललं नाही.

या मिगच्या मॉडेलची खोकी हवी असतील तर हवी तेवढी सापडतात. अठ्ठेचाळीसाच्या मापात चेक देशातल्या एडुआर्ड कंपनीने 2011 पासून काढलेली मॉडेलं जगभर नावाजलेली आहेत, आणि ती बारकाव्यांत चोख आहेत यात नवल नाही. मिग-21 चा एक सुरुवातीचा प्रकार त्यांच्या देशातही, व्होदोखोदीच्या कारखान्यात, परवान्यावर बनत होता. ज्यांनी पत्रा ठोकला त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी पुढच्या पिढीने प्लास्टिक ओतलं असावं. मग शेकड्यांनी मिग बांधणाऱ्या आमच्या नाशिककडून एक खोकं का निघालं नाही, हा प्रश्न मी लेखकाला विचारला. त्यांनी साच्याच्या पोलादाच्या खर्चाचं उत्तर दिलं. ते बरोबर आहे. तरी माझा प्रश्न तसाच आहे.

किरणचं काय? ते आपल्याच वायुदलासाठी घडलं, परदेशातल्या पोरांना त्याचं नावही माहीत नाही. त्यासाठी महागडा साचा कोण कोरेल? मोठ्या कंपन्यांच्या फळीवर ते नाही. म्हणजे तांबरमच्या मुलाला डोक्यावरून रोज जाणारं विमान सोडून दुकानात इंग्लंडचं, रशियाचं, जपानचं सगळं मिळतं. त्यावर एक पळवाट आहे. ब्रिटिश जेट प्रोव्होस्टही शेजारी शेजारी बसायचं, त्यातही व्हायपर इंजिन, आणि त्याचं खोकं एअरफिक्स विकतं. त्याच्या पंखांच्या टोकांवरच्या टाक्या छाटून, नाक बदलून किरण म्हणून खपवणारे आहेत. दोघं आतेभावांसारखे दिसतात, पण फोटोशेजारी ठेवलं की चोरी उघडी पडते. लेखकाने तसं केलं नाही. या पुस्तकाचा निम्मा भाग त्यामुळे जन्माला आला.

त्यांनी सागवानाचा तुकडा घेऊन पोट कोरलं. किरणचे पंख टोकापासून टोकापर्यंत 10.70 मीटर, म्हणजे या मापात पंधरा सेंटिमीटरांना जेमतेम कमी. मिग-21 चे त्याच मापात दहाही भरत नाहीत. शिकवणीच्या विमानाला संथ आणि सांभाळून घेणारे पंख लागतात, हे दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवली की न शिकवता कळतं. काचेसाठी त्यांनी लाकडी ठोकळा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि वरून गरम हवा सोडली. बाटली आकसून ठोकळ्याला बिलगली. नऊ बाटल्या वाया गेल्या, दहावी कापून विमानावर बसवली. आतल्या दोन खुर्च्या काचेतून स्वच्छ दिसतात, त्यामुळे तिथे लपवाछपवी चालत नाही.

छायाचित्रांची मोठी अडचण होती. वायुदलाच्या तळाबाहेर फोटो काढायला मनाई असल्याच्या पाट्या आहेत आणि त्या योग्यच आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये मरीना किनाऱ्यावर हवाई कसरती झाल्या, दोन दिवसांनी वायुसेना दिनाचं संचलन तांबरमला झालं, तेव्हा सगळ्या शहराचे कॅमेरे राफेलकडे वळलेले. लेखक प्रसिद्ध झालेल्या जुन्या फोटोंच्या आणि आमच्यासारख्यांच्या आठवणींच्या जोरावर पुढे गेले. त्यांचा आग्रह एवढाच की कोणतंही एक किरण चालणार नाही. एकच विमान, त्याचा एक नंबर, आणि त्याच्या आयुष्यातला एक ठरावीक काळ. कोणत्या पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग झिजलाय, कुठे नवा पत्रा जुन्यापेक्षा उजळ आहे, कोणता संदेश अर्धा पुसलाय. खोक्यात विमानाची जात मिळते, असं ते म्हणतात, विमान मिळत नाही. सुरुवातीला मला हा हट्ट वाटला.

मग त्यांनी त्यांचं दुसरं मॉडेल दाखवलं. ते जेट नाही, म्हणून पुस्तकात नाही. राखाडी रंगाचं अँटोनोव्ह-32, नंबर के 2743. 22 जुलै 2016 च्या सकाळी ते तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालं. आत 29 माणसं होती. बंगालच्या उपसागरावर ते रडारवरून दिसेनासं झालं आणि साडेसात वर्षं त्याचा मागमूस नव्हता. जानेवारी 2024 मध्ये समुद्रात सुमारे 3400 मीटर खोल, चेन्नईच्या किनाऱ्यापासून जवळपास 310 किलोमीटरवर, त्याचे अवशेष दिसले. ते शोधणारं यंत्र होतं राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं, आणि ती संस्था पल्लीकरणैला, वेळच्चेरीहून तांबरमला येणाऱ्या रस्त्यावरच आहे. निघालं त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या लोकांनी त्याला शोधलं. त्या मॉडेलवर मळ नाही, झीज नाही, चाकं वर घेतलेली आहेत. मी नंबर वाचला आणि बराच वेळ काही विचारलं नाही. त्या दिवसानंतर नंबरावरून त्यांना चिडवणं बंद केलं.

दोन तक्रारी नोंदवतो, नाहीतर प्रस्तावना म्हणजे आरती होते. लेखक मळाला फार भितात. पुस्तकातली विमानं धुऊन पुसून ठेवल्यासारखी आहेत. खऱ्या जेटच्या पोटाखाली हायड्रॉलिकच्या तेलाचे ओघळ असतातच, वाऱ्याने मागे पसरलेले, आणि ते पुसण्यात आमची उमेद गेली. दुसरं, डिकल बसवण्याचं प्रकरण फारच आटोपतं घेतलंय. पाण्यात सुटलेलं ते पातळ कातडं वाकड्या पृष्ठभागावर बसवताना माणसाची जी परीक्षा होते ती तीन पानांत संपत नाही.

आता मुखपृष्ठावरचा आकडा. किरण करायचं ठरलं तेव्हा लेखकाने मला विचारलं की कोणत्या नंबराचं करू. मी ज्याच्यावर सर्वांत जास्त दिवस काम केलं त्याचा नंबर दिला, आणि एक जुना फोटोही दिला, ज्यात आम्ही चौघं त्याच्या शेपटाशी उभे आहोत. मॉडेल पूर्ण करून ते घरी घेऊन आले तेव्हा शेवटचा आकडा खाली बसलेला होता. मी विचारलं, डिकल घसरलं का? त्यांनी खिशातून भिंग काढलं, माझाच फोटो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "काका, खऱ्यावरही तो खालीच आहे." होता खरा. शेपटाजवळच्या पत्र्याची दुरुस्ती झाल्यावर नंबर नव्याने मारायचा होता, संध्याकाळ झाली होती, आणि स्टेन्सिल मीच धरलं होतं.